रविवारची पट्टी

माझ्या धाकट्या भावाच्या पोटात माझं एक मूत्रपिंड आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल जे बोलेन ते थोडं मालकिणीच्या तोऱ्यात बोलेन, आणि तो तोरा कुठून आला हे वाचणाऱ्याला माहीत असलेलं बरं. तेरा वर्षांपूर्वी दिलं. तो तेव्हा चाळिशीचा होता, मी सत्तेचाळीसची. त्याआधी तीन वर्षं तो आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायचा. एकदा लग्न ठरत आलं होतं, तेही त्या यंत्राशेजारच्या खुर्चीत बसल्या बसल्या मोडलं. ऑपरेशननंतर मला भेटायला आणला तेव्हा त्याने विचारलं, "ताई, दुखतंय का तुला?" मी म्हटलं, "दुखतंय. नीट सांभाळ आता." त्याने ते जरा जास्तच मनावर घेतलं, असं पुढे मी चारचौघांत हसत हसत सांगत असे.

घरात तो धाकट्या, गल्लीत चष्मेवाला, आणि गेली काही वर्षं पाठीमागे तोबरेवाला. कारण सगळ्या जगाने मास्क काढून फेकून दिले तरी याच्या तोंडावरचा तो पांढरा, जाड, डोक्यामागून दोन पट्ट्यांनी आवळलेला मास्क काही उतरला नाही. गालांवर त्याचे वळ पडलेले असत.

आजार काही अवघड नाही समजायला. दुसऱ्याचा अवयव शरीर आपला म्हणत नाही, ते त्याच्यावर तुटून पडतं. म्हणून सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेऊन शरीराचा पहारा अर्धवट झोपवून ठेवावा लागतो. पहारा झोपलेला असला की लसही कोणाला जागं करणार? धाकट्याने सगळे डोस रांगेत उभं राहून घेतले. तिसऱ्यानंतर रक्त तपासलं तर पाटी जवळजवळ कोरी. त्याचे डॉक्टर म्हणाले, "साथ संपली असं लोक म्हणतील, वर्तमानपत्रं म्हणतील. तुमच्यासाठी संपली की मी सांगेन." त्यांनी आजवर सांगितलेलं नाही.

त्याचं दुकान म्हणजे चिंचोळी एक खोली. पुढे फुटपाथ, मागे छोटी खिडकी, वर दोन जिने चढून त्याचं घर. साथीच्या दुसऱ्या वर्षी त्याने मागच्या खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला आणि टेबलावर हवा मोजणारं एक यंत्र ठेवलं. खोलीत माणसांच्या उच्छ्वासाची हवा किती साठली ते त्यावर आकड्यात दिसतं. सहाशेच्या आत असलं की ठीक. आठशे झाले की हा गिऱ्हाइकाला म्हणणार, "जरा बाहेर उभे राहू या." निम्मी गिऱ्हाइकं त्या यंत्राला घड्याळ समजत. एकाने तर मनापासून सांगितलं होतं, "अहो, तुमचं घड्याळ फार मागे आहे. सहा बारा दाखवतंय." धाकट्या म्हणाला, "सहा बाराच बरे. आठ वाजले की मला निघावं लागतं."

चष्मेवाल्याला माणसाच्या तोंडापासून लांब राहता येत नाही. दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं तर हातभरावर बसून पट्टी नाकावर धरावी लागते, आणि गिऱ्हाईक सरळ तुमच्या डोळ्यात बघत असतं, बहुधा बोलतही असतं. धाकट्या तेवढा वेळ श्वास धरून ठेवतो. मी एकदा मोजलं, बावीस सेकंद. मग खिडकीकडे तोंड करून सोडतो आणि आकडा वहीत लिहितो. लोकांना वाटतं किती एकाग्र होऊन काम करतो हा माणूस.

त्याची एक चूक मात्र गल्लीभर गाजली. दूरचं वर आणि जवळचं खाली असे बिनरेघेचे चष्मे असतात ना, त्यांची उंची माणसाच्या नाकावर फ्रेम बसवून आखतात. साथीच्या दिवसांत त्याने ती मास्क लावलेल्या नाकांवर आखली. जाड कापडावर फ्रेम जराशी उचलली जाते, दोन-तीन मिलिमीटर. पुढे लोकांनी मास्क काढले, फ्रेम खाली उतरल्या, आणि वाचायची जागाही खाली गेली. चाळीसेक माणसं पेपर वाचताना हनुवटी वर करून बसू लागली. आमच्या ह्यांचाच चष्मा त्यात होता. हे पेपर वाचायला बसले की पेपरवर उपकार करतायत असं वाटायचं. धाकट्याने सगळे परत बोलावून नवे करून दिले. मी त्याला विचारलं, "लोक कधीतरी मास्क काढणार, एवढं तुझ्या डोक्यात आलं नाही?" तो म्हणाला, "नाही आलं. मला वाटलं आता सगळेच घालणार." त्याच्या आवाजात कुरकुर नव्हती. मला मात्र त्या दिवशी त्याची दया आली, आणि दया आली की मी चिडते, हा माझा स्वभाव.

माझ्यापुरता त्याने एक नियम केला होता. रविवारी सकाळी मी नाकात काडी फिरवून घरच्या घरी तपासणी करायची, पट्टीवर एकच रेघ आली तर डबा घेऊन त्याच्याकडे जायचं. दारात तो विचारणार, "केलीस ना?" मी "केली" म्हणणार. मग तो मास्क काढणार आणि आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसून जेवणार. आठवड्यात दुसऱ्या माणसाबरोबर तो एवढं एकच जेवण जेवायचा. पट्टी त्याने कधी बघायला मागितली नाही. ताईची पट्टी काय बघायची. जेवताना तो भयंकर बडबडायचा, तोंडात घास घेऊन बोलायचा आणि मी शाळेत मुलांना दटावत असे तसं त्याला दटावायची.

मी मुख्याध्यापिका होते. छत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले तेव्हा शाळेने सभागृहात निरोपाचा कार्यक्रम केला, दोनशे माणसं, नंतर जेवण. धाकट्याने आधीच सांगितलं, "येणार, पण आत बसणार नाही." मी म्हटलं एक दिवस चालतं. तो म्हणाला त्या विषाणूला दिवस कळत नाहीत. आणि तो आला, इस्त्रीचा शर्ट घालून, सभागृहाच्या बाहेर व्हरांड्यात खिडकीशी उभा राहिला. माझं भाषण सुरू असताना मला सारखा तो पांढरा तोबरा दिसत होता. चित्रकलेच्या बाईंनी नंतर सगळ्यांसमोर विचारलं, "तुमचे बंधू आत नाही आले? आम्हालाच काही झालंय की काय?" सगळे हसले. मीही हसले आणि वर म्हटलं, "अहो, आमच्याकडे एवढं एकच वेड आहे, चालवून घ्या." हे मी म्हटलं. खिडकी उघडी होती.

संध्याकाळी त्याच्याकडे गेले ती भांडायलाच. जिन्यात उभी राहून बोलले, वर गेलेच नाही. म्हटलं, "मी तुला माझ्या शरीराचा तुकडा दिला तो तू जगावंस म्हणून. खिडकीबाहेर उभं राहायला नाही दिला."

तो वरच्या पायरीवर होता. म्हणाला, "खिडकीबाहेर उभा होतो म्हणून तुझं भाषण ऐकायला मिळालं, ताई. नाहीतर आलोच नसतो."

"लोक हसतात."

"मला माहितीये. ऐकू येत होतं."

मला खजील वाटायला हवं होतं. मला राग आला. तीन रविवार मी गेले नाही. त्या तीन आठवड्यांत मी ठरवून सगळं केलं, लग्नांना गेले, सिनेमाला गेले, आणि तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी निवृत्त शिक्षकांच्या तीन दिवसांच्या सहलीला गेले. बंद काचांच्या बसमध्ये पन्नास म्हाताऱ्यांनी घसा फाटेस्तोवर गाणी म्हटली. शनिवारी परत आले तर घसा खवखवत होता. गाण्यांनी बसला असेल, असं आमचे हे म्हणाले आणि मला ते एकदम पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या आवडीचा डबा भरायला घेतला. राग ओसरला होता आणि तीन आठवडे तो एकटाच जेवलाय हे मनात टोचत होतं. पट्टी कपाटात होती. एक शिल्लक होती, मला पक्कं माहीत होतं. मी केली नाही. हात लावायचा कंटाळा नव्हता आला. दोन रेघा आल्या तर जाता येणार नाही, एवढीच भीती होती, आणि त्या भीतीच्या मागे थोडीशी खुमखुमीही होती, की बघू या, काही होत नाही. हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही.

दारात त्याने विचारलं, "केलीस ना?"

"केली की," मी म्हटलं.

शाळेत मी छत्तीस वर्षं मुलांचं खोटं पकडलं. खोटं बोलणारं मूल जरा जास्त लवकर उत्तर देतं आणि हातातल्या वस्तूकडे बघतं. मी डब्याकडे बघितलं. धाकट्याला हे काही कळलं नाही, तो चष्मेवाला आहे, मास्तर नाही. त्याने मास्क काढला, गालावरचे वळ चोळले आणि म्हणाला, "फार दिवसांनी आलीस." आम्ही दीड तास बसलो. तो घासागणिक बोलत होता. त्या दिवशी मी त्याला दटावलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी मला सणकून ताप भरला. ह्यांनी कपाटातली ती पट्टी शोधून आणली. दुसरी रेघ पहिल्यापेक्षा गडद उमटली. मी फोन लावला.

"धाकट्या, मला झालाय."

तो माझीच समजूत घालायला लागला. "घाबरू नकोस ताई. पाणी पीत राहा. रविवारी तुझी पट्टी साफ होती, म्हणजे तुला बहुतेक त्यानंतर लागलाय. मी नजर ठेवतो. काही वाटलं तर बघू."

मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

या आजारावरचं औषध त्याला लवकरात लवकर सुरू व्हावं लागतं, आणि ते सुरू करायचं तर त्याच्या रोजच्या गोळ्या आधी बेताने कमी कराव्या लागतात, नाहीतर त्याच गोळ्यांचं विष होतं. हे सगळं डॉक्टरच करू शकतात आणि त्याला तयारी लागते. हे मला त्याच्याइतकंच पाठ होतं. तो "बघू" म्हणत होता तो माझ्या साफ पट्टीच्या भरवशावर. मी गप्प राहिले असते तर कोणाला कधी कळलं नसतं. मी अंगावर पांघरूण घेऊन बसले आणि भिंतीकडे बघत राहिले. हे दाराबाहेरून विचारत होते, "कळवलंस ना त्याला?" मी हो म्हटलं. अर्धंच कळवलं होतं; त्या आठवड्यातलं माझं दुसरं खोटं. एक तास गेला. तो एक तास मी कशासाठी घालवला याचं उत्तर माझ्याकडे आहे: तो मला मानायचा, आणि ते मला जाऊ द्यायचं नव्हतं.

मग मी पुन्हा फोन लावला आणि एका दमात सांगितलं. "रविवारी मी पट्टी केली नव्हती. खोटं बोलले. घसा शनिवारपासूनच दुखत होता."

पलीकडे त्याच्या पंख्याचा आवाज येत होता.

"शनिवारी सकाळपासून की संध्याकाळपासून?" त्याने विचारलं.

"संध्याकाळपासून."

"बरं. ठेव, डॉक्टरांना लावतो."

ओरडला असता तर मला सोसलं असतं. तो वहीत नंबर लिहून घ्यावा तसा बोलला.

डॉक्टरांनी त्याला त्याच रात्री बोलावून घेतलं, गोळ्यांचं प्रमाण बदललं. गुरुवारी त्याच्या पट्टीवर दोन रेघा आल्या. तो अकरा दिवस इस्पितळात होता. मी स्वतः आजारी, भेटायला जायची सोय नाही, गेले असते तरी कोणत्या तोंडाने गेले असते. रोज संध्याकाळी तो एक आकडा पाठवायचा, बाकी काही नाही. क्रिएटिनिनचा आकडा. मूत्रपिंड किती काम करतंय ते त्यावरून कळतं, आकडा जेवढा मोठा तेवढं वाईट. अकरा वर्षं तो एक पूर्णांक तीनच्या आसपास होता. तो दोन झाला, अडीच झाला, एका संध्याकाळी तीन पूर्णांक चार झाला. ह्यांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि म्हणाले, "झोप आता." मी कूस बदलून ऑपरेशनच्या जुन्या खुणेवर हात ठेवून पडून राहिले. एवढी वर्षं ते मूत्रपिंड माझं म्हणत आले होते. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं की ते कधीचंच त्याचं झालं होतं, आणि मी दुसऱ्याच्या घरात घुसून नासधूस केली होती.

मी बरी झाले, दोन पट्ट्या साफ आल्या, तेव्हा त्याने निरोप पाठवला की तयार झालेले चष्मे लोकांना द्यायचे आहेत, जमेल का. मी दुकानाबाहेर फुटपाथवर खुर्ची टाकून बसले. मास्क लावून. येणारे-जाणारे बघून जात होते. त्या वेळी मला कळलं की त्याच्या वहीत सकाळी आठ ते नऊ हा तास वेगळा आखलेला आहे. त्या तासात एकेकच गिऱ्हाईक, आणि त्याच्या आधी दुकानात कोणी आलेलं नसायचं. पहिल्या दिवशी आठ वाजता एक बाई आल्या, डोक्याला रुमाल, तोंडावर धाकट्यासारखाच मास्क. कॅन्सरची औषधं चालू होती त्यांची. माझ्यापासून लांब उभ्या राहून त्यांनी विचारलं, "ते कधी येतील? दुसऱ्या दुकानात मला जाता येत नाही. तिथे मास्क लावा म्हटलं की लोक मला समजावायला लागतात."

मी म्हटलं, "आजारी आहेत."

"त्यांना कसं झालं? ते तर एवढे सांभाळतात."

मी त्यांच्याकडे बघून सांगितलं, "माझ्यामुळे. मी बहीण त्यांची. तपासणी केली नव्हती आणि केली म्हटलं."

बाईंनी हातातला नवा चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि आणखी दोन पावलं मागे सरकल्या. त्यात त्यांची काही चूक नव्हती. वहीत त्या तासाची तेवीस माणसं होती. मला वाटत होतं की माझा भाऊ जगात एकटाच असा आहे.

आकडा हळूहळू उतरला आणि दोन पूर्णांक एकवर येऊन अडला. आजही तिथेच आहे. त्याला घरी सोडलं त्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा दोघांना इस्पितळाच्या अंगणातल्या बाकावर बसवून सांगितलं, "आधी मी म्हणायचो, अजून दहा-बारा वर्षं हे चालेल. आता मी वर्षं सांगणार नाही." धाकट्याने मान हलवली आणि गोळ्यांची नवी वेळ विचारून घेतली.

गाडीत काचा उघड्या ठेवून तो पुढे बसला, मी मागे. घर येईपर्यंत मी धीर गोळा करत होते. उतरताना विचारलं, "रागावलायस?"

"हो," तो म्हणाला. "खूप." मग पिशवी खांद्याला लावून म्हणाला, "रविवारी ये."

मी जाते. दर रविवारी. आता तो दारात काही विचारत नाही, मीच पट्टी बरोबर घेऊन जाते आणि दाखवते, तो बघतो, मान हलवतो. पण मास्क काढत नाही. गॅलरीत दोन टोकांना दोन खुर्च्या असतात. मी जेवते, तो माझ्याशी गल्लीतल्या गप्पा मारतो, आणि त्याचं ताट झाकून आत ठेवलेलं असतं. मी गेल्यावर तो जेवतो. ह्यांनी मला विचारलं, किती दिवस असं चालणार. मला काय माहीत. औषधांनी म्हणे त्याचा चेहरा थोडा सुजलाय, असं त्यानेच एकदा सांगितलं. मला डोळ्यांपुरता दिसतो.

मागच्या हिवाळ्यात एकदा मला राहवलं नाही. गॅलरीत चांगला वारा होता, पट्टी साफ होती, आठवडाभर मी घराबाहेर पडले नव्हते. मी म्हटलं, "धाकट्या, एक बोलू?"

त्याला लगेच कळलं. त्याने हात वर करून मला थांबवलं.

"ताई, तू ते विचारू नकोस," तो म्हणाला. "तू विचारलंस तर मी काढीन."

चौदा महिने झाले. मी विचारलेलं नाही.